चाखणं म्हणजे खाणं नव्हे

१२ ऑगस्ट, सोमवार

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून सुरू केली आहे. "काका, तीन आठवडे काय खाता, काय पिता, किती वाजता, आणि आवाज कधी बसतो, ते सगळं लिहून आणा," असं त्या म्हणाल्या. शाळा सुटल्यापासून सही सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण आज लिहायला बसलो तर हात थांबेना. बोलायचं बंद झाल्यामुळे असेल.

मी सोमेश्वर. जालन्याच्या मोसंबी मार्केटात फकरोद्दीनभाईंच्या अडतीवर हर्राशी पुकारतो. शेतकरी माल आणतात, दुकानापुढे ढीग ओततात, व्यापारी भोवती उभे राहतात आणि मी बोली चढवत नेतो. सव्वीस वर्षं हेच केलं. माझा आवाज फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. आता तिसऱ्या-चौथ्या ढिगालाच फाटतो आणि अकरा वाजेपर्यंत पार बसतो. उन्हाळ्यापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. गिळलं तरी खाली जात नाही, खाकरलं तरी वर येत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, फरक शून्य. शेवटी वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला नाक-कान-घशाच्या अंबरीन डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. म्हणाल्या, "आवाजाची पेटी मागच्या बाजूनं सुजलीये, लाल आहे. गाठ दिसत नाही. कारण शोधू, मग औषध देते." वंदनानं लांब श्वास सोडला. मी नाही सोडला. ज्यांनी मला हर्राशी शिकवली त्या रामरावांनाही पहिल्यांदा सूजच सांगितली होती. वर्षभरानं ते पाटीवर लिहून पाणी मागत होते, आणि त्याच्या पुढच्या पोळ्याला ते नव्हते.

आजचं खाणं: सहाला चहा, आठला चहा, दहाला चहा. दोनला भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, मग तासभर आडवा. रात्री साडेनऊला पुन्हा भाकरी-भाजी, वर भात. दहाला निजताना वंदनाच्या हातचं हळदीचं दूध, मोठा पेला.

१४ ऑगस्ट, बुधवार

बेचाळीस ढीग. माल चांगला, अंबडकडचा जास्त. आठव्या ढिगापर्यंत निभावलं, मग घोगरा झालो.

रात्री वंदना वही बघायला आली. अक्षर बघून हसली आणि म्हणाली, "चाखता ते लिहिलंच न्हाई की."

मी म्हटलं, "चाखणं म्हणजे खाणं नव्हे. ते काम हाये."

रामरावांचा नेम होता, चाखल्याबिगर ढीग पुकारायचा नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचं फळ काढायचं, चिरायचं, एक फोड तोंडात टाकायची, मगच बोली. वरची फळं सगळ्यांचीच गोड असतात. मी "मिठ्ठा माल" म्हटलं की दिल्लीचा व्यापारी दुसरं फळ चिरत नाही, आणि मी गप्प राहिलो की शेतकरीही भांडत नाही. माझी सगळी पत त्या एका फोडीवर आहे. आता सोनार कसोटीवर सोनं घासतो, म्हणून त्यानं दागिना अंगावर घातला असं कुणी लिहून ठेवतं का? डॉक्टरांनी खाणं विचारलंय. मी खाणं लिहितोय.

१७ ऑगस्ट, शनिवार

माझ्या घशावर अख्ख्या मार्केटानं इलाज सुरू केलाय. हमाल ज्येष्ठमध देतात. टपरीवाला चहात आलं दुप्पट घालतो आणि "हा दवाचा" म्हणून दोन जास्त पाजतो. फकरोद्दीनभाई पुदिन्याच्या गोळ्यांची बरणीच घेऊन आले. "सोमूभाऊ, एक संपली की दुसरी. गल्ला बराबर थंडा होतो, बिलकुल फिकर करू नका." दिवसात पंधरा तरी झाल्या. घरी वंदनानं दुधात हळदीबरोबर मिरी आणि तुपाची धार वाढवली आहे. मी संपवेपर्यंत ती पेला हातातून घेत नाही, तळ दिसला की मगच दिवा घालवते. माणसं इतकी जीव लावतात आणि आपला घसा इतका नाठाळ, याची लाज वाटते.

उठल्यावर तोंड कडू होतं. ते दुधानं होत नसणार.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज फकरोद्दीनभाईंनी आदिनाथला पुकारायला उभं केलं. तो अडतीवरचा दिवाणजी, माणूस सरळ, पण आवाज कुरिअरवाल्यासारखा, दारापुरता. त्याच्या हातात भोंगा दिला. मी शेजारी उभा राहून फक्त चाखत होतो आणि मानेनं खूण करत होतो. भाई म्हणाले, "तुमची जागा तुमचीच हाये." असं माणूस कधी म्हणतो ते मला माहीत आहे.

दुपारी लिंबाखाली कॅरेटवर बसलो आणि मोबाइलवर माझा आवाज भरून ठेवला. एकच ढीग पुकारला, खोटा. "या हो, मिठ्ठा माल, तळापासून मिठ्ठा." आमची मुलगी साक्षी पुण्याला नोकरीला आहे. तिला पुढे कधी ऐकावंसं वाटलं तर असावा.

संध्याकाळी वंदनाला सहज म्हणून कपाटातली कागदं दाखवली. घराची कोणती, विम्याची कोणती. ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "मला सगळं म्हाईत हाये. तुमी ठेवा ती तिथंच, आन् जेवायला बसा." तिला काही कळलेलं नाही, हे बरं झालं. उगाच जिवाला घोर कशाला?

२२ ऑगस्ट, गुरुवार

आवाज नाही. लिहिण्यासारखंही नाही. पाव, चहा, चहा.

२५ ऑगस्ट, रविवार

वंदना शेजारच्या गोजरबाईंना घेऊन पहाटेच्या एसटीनं, अंबड रस्त्यानं, जांब समर्थला रामाच्या देवळात जाऊन आली. मला आदल्या रात्रीपर्यंत पत्ता नव्हता. "असंच, लई दिवस झाले गेल्ते त्याला," म्हणाली. मीही येतो म्हटलं तर म्हणे, "तुमी आराम करा." बायकांना अधूनमधून बाहेर पडावंसं वाटतं, त्यात गैर काय?

संध्याकाळी दमून आली म्हणून मी पिशवीतली दोन मोसंबी सोलून पुढे ठेवली. भाई रोज घरी देतात ती. तिचं माहेर अंकुशनगरजवळचं, बापाची मोसंबीची बाग. लग्न झालं तेव्हा ही जेवणाआधी दोन, जेवणावर दोन मोसंबी खायची आणि आमची आई डोक्याला हात लावायची. आज तिनं ताटली माझ्याकडे सरकवली. "दात आंबल्यात माझे. आता काही दिवस नको." मीच खाल्ली दोन्ही. (ही लिहिली. ही खाणंच होती.)

२८ ऑगस्ट, बुधवार

वंदनाच्या दातांचं खरं दिसतंय, तीन दिवसांत एक फोड तोंडात घातली नाही. दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर "तुमचं आधी होऊन जाऊ द्या" म्हणाली.

आज एक गंमत. पिशवीतलं एक फळ तिनं हातात घेतलं, नखानं सालीला टोचलं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. "हे देऊ नका कुणाला. बागेला काढायच्या आधी पाणी पाजलंय, फिक्कं लागंल." मी चाखलं. फिक्कं. दुसऱ्याचा वास घेऊन म्हणाली, "हे मुरमाड जमिनीतलं. गोड." गोड. मी म्हटलं, नशीब. तर म्हणते, "बाप वास घ्यायला लावायचा आधी. मंग चाखायचं." सव्वीस वर्षं मी हिला मार्केटातल्या गोष्टी सांगतोय आणि ही 'हूं हूं' करत ऐकतेय.

३१ ऑगस्ट, शनिवार

परवा डॉक्टरांना दाखवायचं. आज कुणी बघत नसताना आरशापुढे 'आ' करून टॉर्च मारून बघितलं. काही दिसलं नाही, त्याचीही भीती वाटली. गाठ नाही असं डॉक्टर म्हणाल्या, पण डॉक्टर माणसाच्या तोंडावर कधी सांगतात का? मरणाचं इतकं नाही. पण पाटीवर लिहून वंदनाशी बोलायचं, ते मला जमणार नाही. आमचं अर्धं प्रेम तर वाद घालण्यात आहे. पाटीवर वाद कसा घालणार?

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. मार्केट बंद. सगळं सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस विसरायचा नाही.

या वहीत नको नको ते लिहून बसलो होतो, म्हणून खाण्याचं आणि आवाजाचं तेवढं वेगळ्या कागदावर उतरवून नेलं. डॉक्टरांनी कागद नीट वाचला. आधी पुन्हा दुर्बीण घातली, मग मला आणि वंदनाला समोर बसवलं.

"काका, तुम्हाला कॅन्सरची भीती वाटतेय का?"

वंदना म्हणाली, "वाटून राह्यली त्यांना. रात्री झोपेत रामरावांचं नाव घेतात. उन्हाळ्यापासून."

म्हणजे हिला माहीत होतं. मी कागदं दाखवत होतो तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही वेळा मी स्वतः पाहिलंय. गाठ नाही, काका. लपवत नाहीये. तुमच्या पोटातलं आम्ल वर येतंय, पार घशापर्यंत. त्यानं आवाजाची पेटी भाजल्यासारखी होते."

"पण छातीत जळजळ तर कधीच न्हाई."

"घशाच्या त्रासात पुष्कळांना नसते. म्हणून तर लवकर ओळखू येत नाही." मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "साडेनऊला जेवण, दहाला तुपाचं दूध पिऊन आडवं. भरलं पोट आडवं झालं की आम्ल वर यायला वाटच मोकळी. पुदिन्याच्या गोळ्यांनी पोटाचं तोंड सैल पडतं. पाच-सहा चहा. हे सगळं जुळतं. पण एक जुळत नाही. रोज अकराच्या सुमाराला आवाज पार बसतो असं लिहिलंय. सकाळी काय खाता?"

"काहीच न्हाई. कामावर असतो."

"चाखतात की," वंदना म्हणाली.

"ते खाणं न्हाई," मी म्हटलं.

"काय चाखता?"

सांगावंच लागलं. ढिगाला एक फोड, चाळीस-पंचेचाळीस ढीग, सकाळी आठ ते अकरा, पोटात चहा सोडून काही नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रोज सहा-सात मोसंब्या, उपाशीपोटी, आणि वरून ओरडायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, जालन्याची मोसंबी आंबट न्हाई. गोड हाये. मार्केटात विचारा कुणालाबी."

"जिभेला गोड आहे, काका. भाजलेल्या घशाला नाही."

सव्वीस वर्षांत मालाच्या बाबतीत कुणी मला मात दिल्याची ही पहिलीच वेळ.

मग यादी झाली. गोळी सकाळी जेवणाआधी अर्धा तास. रात्रीचं जेवण सातला. झोपायच्या आधी तीन तास पाण्याशिवाय काही नाही. पलंग उशाकडून उंच. खाकरायचं नाही, घोट घोट पाणी प्यायचं. पुदिना, आंबट, तिखट बंद, चहा सकाळी एक. मोसंबीची फोडही नाही. आवाज यायला दोन-तीन महिने लागतील, धीर धरायचा.

रिक्षात वंदना रडली. मी म्हटलं, आता कशाला, आता तर चांगलं झालं. ती म्हणाली, "दूध मीच देत होते रोज. तळापर्यंत."

मी तिचा हात धरला. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे. घरी आलो तर पुरणपोळी, तिनं पहाटेच करून ठेवलेली. दुपारीच खाऊन घेतली, दोन, आणि डाव्या कुशीला नाही की उजव्या कुशीला नाही, खुर्चीत ताठ बसून राहिलो.

४ सप्टेंबर, बुधवार

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वंदनानं विटा सरकवल्या. आता रात्रभर आम्ही दोघं पायथ्याकडे घसरतो आणि पहाटे वर चढतो. तिला म्हटलं, तू दुसऱ्या खोलीत नीट झोप. म्हणाली, "तीस वर्षं घोरणं ऐकलं, आता घसरायला काय होतं?"

फकरोद्दीनभाईंनी बरणीचं ऐकलं आणि तोंड पाडलं. "म्हणजे मीच जहर देत होतो?" घरून त्यांच्या बायकोनं, नूरबीभाभींनी, पातळ खिचडीचा डबा पाठवला, मीठ सोडून काही नाही त्यात. खाल्ली. प्रेमाची चव असते म्हणतात, ती असेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सतरा दिवस झाले, काडीचा फरक नाही. गोळ्या कशाला खातोय कळत नाही. आज मार्केटात आदिनाथनं एक ढीग "मिठ्ठा" म्हणून पुकारला. मी चाखत नाही, तो वरचं फळ चाखतो. तळचा माल आंबट निघाला. व्यापारी तणतणला, भाईंनी हात जोडले, शेतकरी वेगळाच रुसला. आदिनाथ बिचारा माझ्याकडे बघत होता. मी काय करणार, मला आवाज नाही आणि जीभ चालवायची नाही.

चिडून घरी आलो आणि वंदनावरही चिडलो. खरं तर पुटपुटलो, कारण चिडण्याएवढा आवाजच नाही. तिनं ऐकून घेतलं आणि सातला जेवायला वाढलं. पावणेसातलाच, खरं म्हणजे.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तोंड कडू नव्हतं. घशातलं ते अडकलेलं दिवसभर आठवलं नाही, आणि संध्याकाळी आठवलं की ते आठवलं नाही. वंदनाला सांगितलं. मग भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वंदना भाजीला निघाली आणि पिशवी विसरली. मी गच्चीवर होतो. विचार न करता हाक मारली. ती गल्लीच्या पार टोकाला, गिरणीपाशी पोचली होती. वळली. दोन गाड्या मधून गेल्या तरी ती तिथंच उभी, वर बघत. मग परत आली. पिशवी घेताना माझ्याकडे बघेचना. "एवढ्या मोठ्यानं कशाला वरडायचं? लोकं बघतात," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत गेली. गिरणीचं पीठ उडतं तिकडं.

आल्यावर मोसंबी पुढे केली. नको म्हणाली. दीड महिना दात आंबलेले राहतात हे मी पहिल्यांदाच बघतोय.

३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी काल तपासलं. सूज उतरली. "पुकारा, पण थोडं थोडं. चहा आणि चाखणं मात्र अजून बंद. पुढेही जपूनच."

भाई घरी आले. "मंगळवारी दिवाळीनंतरचा पहिला बाजार हाये. पुकारणार तुमीच, दुसरं न्हाई. पण चाखायचं कोण? माझी जीभ तर पानानं कधीच मेली."

चाखल्याबिगर मी पुकारणार नाही, हे भाईंनाही माहीत, मलाही. रामरावांचा शब्द एका बाजूला, घसा एका बाजूला. आत वंदना एका फळाला नखानं टोचून वास घेत होती. भाईंना पाणी द्यायला आली तेव्हा म्हणाली, "ही बराबर पिकलेली न्हाईत, भाई. चार दिवस झाडाला राह्यला पाहिजे होती." भाईंनी फळ चिरलं, चावलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी आधीपासूनच तिच्याकडे बघत होतो.

"बायका मार्केटात येत न्हाईत," वंदना म्हणाली, कुणी काही विचारायच्या आधीच.

भाई म्हणाले, "भाभी, आधी आली न्हाई म्हणून आता येऊ नये का?"

५ नोव्हेंबर, मंगळवार

वंदना आली. हिरवं लुगडं, पदर खोचलेला, भाईंनी तिच्यासाठी कॅरेट उलटं करून त्यावर पोतं अंथरलेलं. व्यापारी, हमाल, टपरीवाला, सगळे जमले. पहिला ढीग अंकुशनगरकडचा निघाला. तिनं कोपरापर्यंत हात घातला, तळचं फळ काढलं, साल टोचली, वास घेतला. मी सुरीनं चिरून फोड तिच्या हातावर ठेवली. ती फोड धरून नुसती बसून राहिली.

"खा की," मी हळूच म्हटलं.

"आधी तुमी पुकारा. मंग खाते."

"अगं, उलटं कसं? चाखल्याबिगर मी आजवर एक ढीग पुकारला न्हाई."

"वास बराबर हाये. एक डाव पुकारा. माझ्यासाठी."

भर मार्केटात बायकोशी वाद घालणं बरं दिसत नाही. रामरावांची मनातल्या मनात माफी मागितली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, न चाखता, नुसत्या वंदनाच्या शब्दावर पुकारलं. "या हो, मिठ्ठा माल, तळापासून मिठ्ठा."

आवाज निघाला. कुठंही न फाटता निघाला आणि फाटकाबाहेर गेला. टपरीवालासुद्धा दुकान सोडून इथंच आला होता, तरी तिकडून कुत्रं भुंकलं, म्हणजे पोचला. भाईंनी मान फिरवली आणि उगाच आदिनाथला काहीतरी सांगायला लागले.

वंदनानं डोळे मिटले. मग अंबड रस्त्याच्या बाजूला तोंड करून हात जोडले. त्या बाजूला तर नुसती कॅरेटची थप्पी होती, मी नीट बघितलं. मग तिनं फोड तोंडात टाकली. एक खाल्ली, दुसरी मागितली, आणि बघता बघता व्यापाऱ्यांदेखत अख्खं मोसंबं संपवलं. गालावरून पाणी येत होतं, पण हसत होती.

"गोड हाये," म्हणाली.

अठ्ठावीस ढीग पुकारले. बाकीचे आदिनाथनं. एकाही ढिगावर तक्रार नाही. घरी येताना तिनं भाईंकडून दोन किलो मागून घेतली आणि रिक्षात बसल्या बसल्या आणखी दोन सोलून खाल्ली. तिचे दात बरे झाले म्हणायचे. डॉक्टरकडे न जाता, आपोआप.